मिन्कोच्या अकरा सूचना

द्र्यानोवो
३ ऑक्टोबर २०२२

चि. मिन्को यास वेल्काताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो मिरच्यांमुळे. यंदा गोड्या लाल चाळीस किलो घेतल्या, अंगणात भाजल्या, सोलल्या आणि तीन दिवस कढईपुढे उभी राहून ल्युतेनित्सा घोटली. शेजारीण म्हणाली, एकट्या बाईला एवढ्या बरण्या कशाला. मी म्हटलं, मोजून खायचं वय गेलं आता. तुझ्यासाठी सहा बरण्या अगदी मऊ घोटून बाजूला ठेवल्यात. गिळताना घशाला कण लागणार नाही.

आता कामाचं. माझा कॉम्प्युटर मला आत घेईना झालाय. गेल्या मंगळवारी पडद्यावर चौकट आली, अपडेट करायचं का म्हणून. मी हो दाबलं. तासभर तो टक्के मोजत बसला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला आणि पासवर्ड मागायला लागला. तूच ठेवलेला पासवर्ड आहे, आपल्या लहानपणच्या बकरीचं नाव. ते दिलं, तर चुकीचं म्हणतो. जगात ते नाव माहीत असलेले आपण दोघंच उरलो आणि हा मला चुकीचं म्हणतो.

तुझ्या सेव्दाला फोन करून तुझ्याकडून विचारून घेतलं असतं. पण मागे तुझ्या लिहिलेल्या सूचना ती मला फोनवर वाचून दाखवत होती, तेव्हा खिडकी बंद करा असं वाचल्याबरोबर आधी स्वतः उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून आली. तेव्हा पत्रच बरं.

घाई नाही, पण लवकर सांग. मला तो रोज लागतो. हवामान बघायला.

तब्येतीचं खरं खरं लिही. सेव्दाला आशीर्वाद. माया आहेच, ती तशीच धरून ठेव.

तुझी
वेल्काताई


रूसे
८ ऑक्टोबर २०२२

ती. ताईस मिन्कोचा सा. न. वि. वि.

हवामान बघायला तुझ्या घराला पाच खिडक्या आहेत. त्यांना पासवर्ड लागत नाही.

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी माझी स्वरपेटी काढली, तुझी स्मरणशक्ती कोणी काढली ते कळव. असो. आता सांगतो ते याच क्रमाने कर. कॉम्प्युटर बंद कर, वायर भिंतीतून उपटून काढ, कॉफी पिऊन ये, मग पुन्हा लाव. कीबोर्डवर मोठ्या अक्षरांचं बटण आहे, त्याचा दिवा लागलेला नाही ना ते बघ. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषेची अक्षरं दिसतात, ती बल्गेरियनची आहेत का इंग्रजीची, ते बघ. इंग्रजीची असली तर बदल. मग सावकाश टाइप कर. एकतीस वर्षं नगरपालिकेत टायपिस्ट होतीस हे त्याला दाखवायची गरज नाही. तो घाबरत नाही.

माझं ठीक चाललंय. तपासणीला नवी डॉक्टरीण आहे, परदेशातून शिकायला आलेली, गुणी पोरगी. दुखतं का म्हणून तिने विचारलं, मी मान आडवी हलवली. आपल्याकडे आडवी मान म्हणजे हो, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. तिने नाही असं लिहून घेतलं, माझी पाठ थोपटली आणि गेली. मला हसू आलं. पण हसायलाही आवाज लागतो, ते आता कळतं.

बरण्यांची वाट बघतो. सेव्दा नमस्कार सांगते. राग न धरता लोभ करत राहा.

तुझा
मिन्को


द्र्यानोवो
१२ ऑक्टोबर २०२२

चि. मिन्को यास अनेक आशीर्वाद.

सगळं केलं. वायर उपटली, कॉफी दोनदा प्यायले. मोठ्या अक्षरांचा दिवा बंद आहे. कोपऱ्यातली अक्षरं बल्गेरियनची आहेत, चष्मा लावून पाहिली. नाव सावकाश टाइप केलं, भरभर टाइप केलं, परवा तर मनात शिव्या देऊन टाइप केलं. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटतात, म्हणजे मी काय लिहिलं ते मलाही दिसत नाही, आणि शेवटी चुकीचं. मिन्को, माझ्या बोटांनी एकतीस वर्षांत महापौराच्या सहीच्या कागदावर एक अक्षर चुकवलेलं नाही.

आता तुझ्या डॉक्टरणीचं. तू ते मला हसवायला लिहिलंस, मी हसले नाही. तू मान आडवी हलवलीस म्हणजे दुखतंय. ऑगस्टमध्ये मला लिहिलं होतंस की काही दुखत नाही. मग त्या परक्या पोरीला खरं सांगितलंस आणि मला खोटं, असं झालं ना? कुठे दुखतं, कधीपासून, ते लिही. नाहीतर मी सरळ बसमध्ये बसून येते.

कॉम्प्युटरचंही विसरू नकोस. मला फार अडल्यासारखं झालंय.

आठवण काढणारी
वेल्काताई


रूसे
१७ ऑक्टोबर २०२२

ती. ताईस सा. न. वि. वि.

बसमध्ये बसू नकोस. मानेत दुखतं, उन्हाळ्यापासून. डॉक्टरणीला सेव्दाने समजावून सांगितलं, ती बिचारी रडकुंडीला आली आणि आता माझ्याकडून सगळं कागदावर लिहून घेते. पुढच्या सोमवारी दोन दिवसांसाठी दाखल करून घेणार आहेत. तपासणीच आहे. यापेक्षा जास्त मलाही माहीत नाही, आणि माहीत झालं की तुला लिहीन.

पासवर्डचा मी विचार केला. तू नाव चुकीचं लिहितेस. आई ते नाव ओढून म्हणायची, म्हणून तू त्यात एक अक्षर जास्त घालत असणार. तू नाही म्हणशील. म्हणून वाद न घालता मी दुसरा उपाय केलाय. योर्दान आठवतो का, कारखान्यात माझ्या हाताखाली होता? आता तिकडे गाब्रोव्होला दुरुस्तीची कामं करतो. त्याला कळवलंय. गुरुवारी वीस तारखेला सकाळी तुझ्याकडे येईल आणि सगळं पुसून कॉम्प्युटर नव्यासारखा कोरा करून देईल. फोटो माझ्याकडे आहेत, ते जाणार नाहीत. तुझं दुसरं काय आहे त्यात? मी बोलून ठेवलेल्या त्या सूचना जातील. त्या गेल्या तर गेल्या, मी नव्याने कागदावर लिहून देतो, वाचायला जास्त सोप्या.

योर्दानला कॉफी दे, जेवायचा आग्रह करू नकोस, त्याला पथ्य आहे. लोभ कर, आणि हट्ट कमी.

तुझा
मिन्को


द्र्यानोवो
२१ ऑक्टोबर २०२२

चि. मिन्को यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुझा योर्दान एकाच सकाळी दारात आले. पत्र मी त्याच्यासमोर उभ्याने वाचलं. सगळं पुसून, इथपर्यंत आले आणि त्याला म्हटलं की चुलीचा धूर घरात कोंडलाय, आज जमायचं नाही. तो धुराचा वास शोधत नाक वर करून उभा राहिला. मी त्याच्या हातात बरणी दिली आणि दार लावून घेतलं. तुझ्या सहातली होती, म्हणजे आता पाच राहिल्या. त्याला माझ्या वतीने माफी कळव.

आता ऐक. हवामानाचं खोटं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी तू माझ्यासाठी त्या अकरा सूचना बोलून ठेवल्यास, कारण पुढे मला फोनवर सांगता येणार नव्हतं. मोठी अक्षरं कशी करायची, फोटो कुठे ठेवायचे, पडदा गोठला तर काय करायचं. दोन वर्षं झाली, मी त्या रोज ऐकते. दुपारी जेवायला बसले की एक लावते, सोमवारी पहिली, मंगळवारी दुसरी, अशा. तू सांगतोस, ताई, आता डावीकडे बघ, आणि मी ताटातून मान वर करून डावीकडे बघते. तिथे कपाट आहे. सूचना मी एकही पाळलेली नाही, मिन्को. चौथीत तू बजावून सांगतोस की अशी चौकट आली तर हो दाबू नकोस, आधी मला विचार. साठ-सत्तर वेळा ऐकली असेल. पण मी शब्द कुठे ऐकते?

चोवीस दिवस झाले, घरात मी एकटी जेवते आहे. तो कॉम्प्युटर कोणी पुसला तर तुझा आवाज मी कुठून आणू? म्हणून योर्दानला परत घालवला. रागाव, पण दुसरा उपाय सांग. मी नाव बरोबर लिहिते. त्या बकरीला चरायला मी न्यायचे, तू नाही.

सोमवारी तुझ्यासाठी मेणबत्ती लावते. काय निघालं ते लगेच लिही.

तुझी
वेल्काताई


रूसे
२६ ऑक्टोबर २०२२

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल घरी आलो, तुझं पत्र टेबलावर होतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. त्या सूचना वापरायला दिल्या होत्या, जेवताना ऐकून डोळे पुसायला नाही. तुला हे माहीत नसेल, पण ऑपरेशननंतर मी घरात माझा आवाज ठेवलेला नाही. फोनवर आम्ही घरी नाही, निरोप ठेवा असं मी म्हणायचो, ते घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुसलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची फीत होती, ती स्टोव्हमध्ये टाकली. सेव्दा पाव आणायला गेली होती. परत आल्यावर ती काही बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, जे गेलं ते सगळ्या घरातून गेलं. तुझ्या घरी राहिलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा चोवीस दिवसांपाशी थांबलो. मग तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली, आणि मी स्वतःच्या कपाळावर हात मारला.

ताई, तू टाइप करताना कीबोर्डकडे बघत नाहीस.

आपली चाळीस वर्षांची भांडणं आठव. तुझी टाइपरायटरची मांडणी आणि माझी उच्चारी मांडणी. तू म्हणायचीस, अक्षरं जिथे बोटांना सापडतात तिथेच असावीत. मी म्हणायचो, इंग्रजी बटणावरचं अक्षर जसं ऐकू येतं तसंच बल्गेरियन अक्षर त्या बटणावर असावं, म्हणजे कोणालाही शिकावं लागणार नाही. तू मला आळशी लोकांचा वकील म्हणाली होतीस. तर त्या अपडेटने तुझी मांडणी काढून माझी पुढे आणून ठेवली आहे. कोपऱ्यात दोन्हींची खूण सारखीच दिसते, बल्गेरियन. तुझी बोटं जुन्या जागी जातात, नाव अगदी बरोबर लिहितात, आणि ठिपक्यांखाली भलतंच काहीतरी उमटतं. तू चुकत नव्हतीस. मीच तुला चुकीची समजत होतो, म्हणून दोन आठवडे वाया गेले.

आता असं कर. बटणांवरची बल्गेरियन अक्षरं विसर. इंग्रजी अक्षरं बघ, आणि बकरीचं नाव ज्या इंग्रजी अक्षरांनी ऐकू येईल ती एका बोटाने दाब, कोंबडी दाणे टिपते तशी. तुला कमीपणा वाटेल. एकदाच कर. आत गेलीस की मागच्या पानावर लिहिलेल्या पायऱ्यांनी तुझी मांडणी परत आण. माझा पक्ष जिंकला आणि माझ्याच आवाजाला कुलूप लागलं, असा हा प्रकार झाला.

तपासणीत निघायचं ते निघालं. परत वाढलंय. या वेळी कापण्यासारखं नाही, असं म्हणाले. डॉक्टरणीने मान कशी हलवायची ते शिकून घेतलंय आणि आता माझ्यासारखीच आडवी हलवते. लिहायला वेळ लागतो, म्हणून इथेच थांबतो. आशीर्वाद असू दे.

तुझा
मिन्को


द्र्यानोवो
२९ ऑक्टोबर २०२२

चि. मिन्को यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

उघडला. एका बोटाने, कोंबडीसारखा. पहिल्याच वेळी.

अकराच्या अकरा आहेत. मी सगळ्या ओळीने लावल्या आणि तशीच बसून राहिले, चूल विझली तेही कळलं नाही. परत वाढलंय, ही तुझ्या पत्रातली ओळ तोवर डोक्यात नुसती फिरत होती. तुझा आवाज ऐकल्यावर ती खाली बसली, आणि मग मी रडले. तू म्हणतोस डोळे पुसायला दिल्या नव्हत्या. दिल्या नसशील, पण उपयोग तोच झाला.

मांडणी परत माझी करून घेतली. भांडण मी जिंकले म्हणून नाही. बोटांची सवय आहे एवढंच.

मी बुधवारी येते. बस नऊची आहे, दुपारपर्यंत पोचेन. पाच बरण्या आणते. एक विचारायचं होतं, ते पत्रातच विचारते, समोर जमायचं नाही. सूचना मी ठेवू ना? तू पुसून टाक म्हणालास तर मी ऐकणार नाही, तरी विचारते.

वाट बघ माझी.

वेल्काताई


रूसे
४ नोव्हेंबर २०२२

ताईस सा. न.

काल तू गेलीस आणि पाटीवर लिहायचं राहिलं. ठेव. पुसू नकोस.

पण सेव्दाला सांगू नकोस. तिने मला नसलेल्या आवाजासकट सांभाळून घेतलंय. तो आहे असं कळलं तर तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागेल. एवढं ऐक माझं.

ल्युतेनित्सा छान झाली आहे. दोन चमचे खाल्ली.

मिन्को


रूसे
२८ नोव्हेंबर २०२२

ती. वन्संना सेव्दाचा सा. न. वि. वि.

त्या दिवशी दफनानंतर तुम्ही शेवटच्या बसने लगेच परत गेलात, धड बोलणंही झालं नाही. तुम्ही दिलेली लोकरीची शाल मी वापरते. अकरा तारखेपासून घरात माणसं येत होती, आता थांबली. दारावर लावलेला यांच्या निधनाचा कागद पावसाने भिजून फोटोचा रंग उतरला, काल दुसरा लावला. चाळिसावा दिवस वीस डिसेंबरला येतो. तुम्ही आदल्या दिवशीच या. त्या दिवशी वाटायचा गहू शिजवायला मला एकटीला जमणार नाही.

वन्सं, एक विचारू का? मनाला लावून घेऊ नका. मला यांचा आवाज आठवत नाही. दोन वर्षं घरात पाटीवरच्या खडूचा आवाज होता, तो आठवतो. घशातल्या नळीतून येणारा श्वास आठवतो, तो तर झोपेतही ऐकू येतो. पण अडतीस वर्षं ज्या आवाजात यांनी मला हाक मारली, तो आणू म्हटलं तरी येत नाही. येतो तो कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाचा. फोटो कपाटभर आहेत. आवाज यांनी सगळा पुसला, तेव्हा मी काही बोलले नाही, कारण आवाज यांचा होता, माझा नव्हता. आता वाटतं, मधे पडायला हवं होतं.

तुमच्याकडे एखादी जुनी फीत असली तर बघाल का? तुमच्या मुलाच्या लग्नात यांनी गाणं म्हटलं होतं, तिथली असली तरी चालेल. नसली तर राहू द्या, मी आपलं विचारलं. तब्येत सांभाळा आणि मला एकटी टाकू नका.

तुमची
सेव्दा


द्र्यानोवो
३ डिसेंबर २०२२

चि. सेव्दास वेल्काचे अनेक आशीर्वाद.

लग्नातली फीत नाही. पण मिन्कोचा आवाज माझ्याकडे आहे.

ऑपरेशनच्या आधी त्याने माझ्यासाठी कॉम्प्युटरच्या अकरा सूचना बोलून ठेवल्या होत्या. तुला बहुतेक वाटलं असेल की तो माझ्याशी फोनवर बोलतोय. मला त्याने लिहून कळवलं होतं की सेव्दाला सांगू नकोस, ते पत्र माझ्यासमोर आहे. त्याची भीती अशी की तुला पुन्हा पहिल्यापासून दुःख होईल. मी महिनाभर गप्प बसले, आणि मनाला सांगत राहिले की भावाचा शब्द पाळते आहे. तुझं पत्र वाचल्यावर कळलं की शब्द वगैरे काही नाही, तो आवाज मला एकटीला हवा होता. दोन वर्षं मी तो एकटीने जेवायला घेऊन बसत होते. मला माफ कर. त्याचं हे सांगणं मी मोडते आहे, आणि मोडताना मला वाईट वाटत नाही.

मी अठरालाच येते. योर्दानला बोलावून सगळ्या सूचना एका छोट्या पेटीत भरून घेतल्या आहेत, तुझ्या टीव्हीला लावता येतात म्हणाला. हरवायला नकोत म्हणून पोस्टाने पाठवत नाही, स्वतः आणते. पहिल्या आठ तू हव्या तेव्हा ऐक. त्यात तो नुसता मला रागावतो.

नववी मात्र दोघी मिळून ऐकू, तुझा हात माझ्या हातात असताना. ती प्रिंटरची आहे, माझ्याकडे प्रिंटर कधीच नव्हता, तरी त्याने सांगून ठेवली. सांगता सांगता मध्येच लांबून तुझी हाक येते, सूप गार होतंय म्हणून. तो बोलायचा थांबतो. मग तो बोलतो, पण माझ्याशी नाही, आणि माझ्याशी बोलायचा त्या आवाजातही नाही. तो आवाज मी त्याच्या तोंडून दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही, म्हणून मी ही सूचना लावली की इथे नेहमी पुढे सरकवत होते. आलो गं सेव्दे, म्हणतो. आलो. तू जेवायला बस, माझ्यासाठी थांबू नकोस.

भावाची बायको म्हणून नाही, माझी धाकटी बहीण समजून तुला हे लिहिलं.

तुझी
वेल्का